आरशासारखा पाइप

२ मार्च, सोमवार
आणि वर मलाच शिकवतो! आधी बघायला शीक, मग हात लाव म्हणे. दोन वर्षं बघतोच आहे की. बघून बघून डोळे गेले. मोठा मिस्त्री म्हणजे या गॅरेजला लागलेला गंज. दिसतो सगळ्यांना, काढत कुणी नाही.

आज त्याची कंबर धरली. उत्तम. आठवडाभर घरी. मालकानं मला बोलावलं आणि दातांच्या डॉक्टरची टर्बो गाडी माझ्या हवाली केली. इंटरकूलरचा पाइप फुटलाय. नीट केलास तर मिस्त्रीचा पगार, शिवाय या कामाचे पाच हजार वेगळे, असं म्हणाला.

लगेच घरी फोन. आईला सांगितलं, मी हेड मेकॅनिक झालो. (व्हायचोय, पण चार दिवसांचा प्रश्न.) धाकटीच्या नर्सिंगच्या फीचे नऊ हजार दहा तारखेच्या आत मी पाठवतो, काकापुढं हात पसरायचा नाही, अशी तंबी दिली. आई नुसती बरं म्हणाली. आनंदानं शब्द फुटेना तिला.

३ मार्च, मंगळवार
डॉक्टरला नीट समजावलं. टर्बो हवा दाबतो, दाबली की हवा तापते, ती पुढच्या जाळीत, म्हणजे इंटरकूलरमध्ये, गार होऊन इंजिनात जाते. या सगळ्या प्रवासाला पाइप लागतो. डॉक्टर म्हणाला, ते कळलं हो, गाडी कधी देता? शिकलेल्यांना ज्ञानाची किंमत नाही. मी सातवीत शाळा सोडली. नुकसान शाळेचं.

जुना पाइप रबराचा. तेल पिऊन फुगलेला, बोट लावलं तर बोट आरपार. उद्या मटेरियल ठरवणार.

४ मार्च, बुधवार
स्टील: मजबूत, पण जड. आणि एकदा तापलं की तापलेलंच राहतं, आमच्या मालकासारखं.
तांबं: चोर नेतील.
सबंध पाइप सिलिकॉनचा: उष्णता सोसतो, पण एवढी लांब मऊ नळी दाबानं फुगणार. भाव ऐकून दुकानदाराकडं पाणी मागितलं. तेही त्यानं उशिरा दिलं.

माझ्या खोलीत राहणारा नळवाला म्हणाला, माझ्याकडं प्लास्टिकचा पाइप पडलाय, फुकट ने. बॉनेटखाली तो वितळेल हेही त्याला कळत नाही. आयुष्य बाथरूममध्ये काढलं की असंच होतं. तसं तोंडावर सांगितलं.

निर्णय: ॲल्युमिनियम. हलकं, लवकर गार होणारं. जोडाला सिलिकॉनच्या आखूड नळ्या, वर क्लॅम्प. संपूर्ण माझी कल्पना. मोठा मिस्त्री सोमवारी कंबर धरून जाताना हेच बरळत होता, तो योगायोग.

६ मार्च, शुक्रवार
पाइप वाकवून, वेल्डिंग होऊन आला. वेल्डिंगवाल्यानं दोन्ही टोकांना बाहेरून उंच कड ठेवलीय, बादलीच्या काठासारखी. ही कशाला, विचारलं, तर म्हणे असू दे, कामाची आहे. घासायचा कंटाळा असला की लोक असंच म्हणतात. त्या कडेमुळे नळी चढता चढेना.

तेवढ्यात मोठ्या मिस्त्रीचा फोन. टोकाला कड आहे ना रे? म्हटलं, आहे. तेव्हा होती. फोन ठेवला आणि घासून सपाट केली. मग तीन तास पॉलिश. आरसा! त्यात बघून भांग पाडला. टोकाला तेलाचं बोट फिरवलं, नळी सर्रकन बसली. वीस वर्षांत या लोकांना हे सुचलं नाही.

७ मार्च, शनिवार
गाडी दिली. डॉक्टरनं वाकून पाइपमध्ये स्वतःचे दात बघितले. छान म्हणाला. मालक म्हणाला, पैसे सोमवारी.
चौदाशेचे बूट घेतले. हेड मेकॅनिकला चप्पल शोभत नाही.

८ मार्च, रविवार
डॉक्टर बायकोला आणि सासूला घेऊन डोंगराकडं निघाला होता. चढावर पाय दाबला आणि ठो! मग नुसतं फुस्स. मागून काळा धूर, गाडी रांगायला लागली.

मालक मला घेऊन गेला. मोठा मिस्त्रीही आला, कंबरेला पट्टा बांधून. काय गरज होती? नळी पाइपवरून निसटून लोंबत होती. मी म्हणत होतो, क्लॅम्प घट्ट आहे, बघा, घट्टच आहे! त्यानं लोंबती नळी बाजूला केली. पाइपच्या टोकावरून अंगठा फिरवला, माझ्याकडं बघितलं, मालकाला म्हणाला, कड घासलीय. वर तेल लावलंय.

ती कड म्हणे नळीला धरून ठेवते, दाब आला की निसटू नये म्हणून. मग तसं सांगायला नको? सासूबाई म्हणाल्या, चकचकीत मात्र छान केलाय हो. त्या घरात एकच समजूतदार माणूस.

९ मार्च, सोमवार
पाच हजार रद्द. गाडी ओढून आणल्याचा खर्च आणि नवा पाइप माझ्या पगारातून. पगार हेल्परचाच. काम मोठा मिस्त्री करणार, मी बघायचं. मालकालाही गाडीतलं काही कळत नाही हे सिद्ध झालं. बूटवाला बूट परत घेत नाही, घातलेत म्हणे. बूट घालायचे नाहीत तर काय वाचायचे?

उद्या फीची शेवटची तारीख. नळवाल्याकडं उसने मागितले. आधी बाथरूमबद्दल माफी माग म्हणाला. मागितली नाही. मग मागितली. तीनशेच निघाले त्याच्याकडं. भिकारडा.

१० मार्च, मंगळवार
घरी फोन केला. हेड मेकॅनिकच्या पगारात कापाकापी जास्त असते, इथून सुरुवात केली होती. धाकटीनं मध्येच तोडलं. दादा, फी भरली.
कधी?
तीन तारखेला. तुझा फोन आला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच आई काकांकडं गेली.

म्हटलं, मी पाठवतो म्हणालो होतो ना? मागून आईचा आवाज. त्याला विचार, वेळेवर जेवतोस का. आणि म्हणावं, पैसे राहू दे, तुलाच ठेव.

इतका अपमान मोठ्या मिस्त्रीनंसुद्धा कधी केला नाही. राहू दे म्हणे! आता तर मुद्दाम पाठवणार. काकाचे नऊ हजार मीच फेडणार, पहिला हप्ता आजच. खिसा, गादीखालचे, नळवाल्याचे तीनशे, सगळं मिळून: सहाशे ऐंशी.