बाईंच्या स्लाइड्समधली माझी खाडाखोड

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा मान खाली घालून नमस्कार. (मान वर करण्यासारखं सध्या काही राहिलेलं नाही.) तुझी कंबर कशी आहे? भावजींचा खोकला? आमच्याकडे सगळ्यांच्या प्रकृती ठणठणीत आहेत, माझी अब्रू तेवढी आजारी आहे.

यंदा गणिताबरोबर विज्ञानही माझ्या गळ्यात पडलंय, हे तुला माहीतच आहे. विज्ञानाच्या मोठ्या बाईंनी आपल्या सगळ्या धड्यांच्या स्लाइड्स शाळेच्या ऑनलाइन फोल्डरमध्ये ठेवल्यात आणि ज्याला हव्या त्याने घ्या म्हणून सांगितलंय. (अशी माणसं असतात. आपण मेलं डस्टरसुद्धा कुलपात ठेवतो.) मी पचनसंस्थेचा धडा उघडला. चित्रं सुरेख, पण मधूनमधून विनोद. लहान आतडं मोठ्या आतड्याला म्हणतं, नावावर जाऊ नकोस, लांबी मोज. असले. मी ते सगळे पुसले आणि जठराच्या चित्राखाली स्वतःसाठी टीप लिहिली, 'विनोद गाळले. बाईंशिवाय कुणी हसत नाही.' आधी प्रत काढावी आणि मग त्यात हात घालावा, हे शहाणपण मला नंतर सुचलं. मी बाईंच्या मूळ धड्यातच कात्री चालवत होते.

शनिवारी पालकांसमोर बाईंचा पाठ होता, नेमका पचनसंस्थेचाच. मी मागच्या बाकावर कौतुकाने बसलेले. पडद्यावर जठर आलं आणि त्याखाली माझी टीप, वीतभर अक्षरांत. बाकाखाली जागा असती तर शिरले असते गं. बाईंनी चष्मा सारखा केला आणि पाचकरस सांगतात त्याच आवाजात ती टीप वाचली. पालक खो खो हसले. "चला, आज हसले," एवढंच म्हणून बाई यकृताकडे वळल्या.

नंतर मी माफी मागायला स्टाफरूममध्ये गेले, तर त्याच आधी बोलल्या. "तूच लिहिलंस ना ते? इतकं शुद्ध आपल्याकडे दुसरं कोण लिहितंय?" मग म्हणाल्या, "पुसलेले विनोद परत आणता येतात का गं? आमचे हे सुचवायचे. मला पाठ नाहीत."

त्यांचे यजमान गेल्याला फार दिवस झालेले नाहीत.

संगणकाच्या सरांनी जुनी आवृत्ती शोधून काढली. बाई एकेक विनोद वाचत गेल्या आणि प्रत्येकाला हसल्या. मीही हसले (त्यातला एक खरंच बरा होता). माफी मात्र मागायची राहिलीच.

तुझी,
धाकटी

ता. क. शेजारणीच्या कुंड्या फोडल्यावर तू तिला लिहिलेलं जे माफीपत्र वाचून ती रडली होती, त्याची प्रत पाठव. कुंड्यांच्या जागी विनोद घालीन, बाकी मजकूर छानच आहे.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवताना बाईंचा फोन आला. श्वसनाचा धडा तयार आहे, हवाय का, विचारत होत्या. मी हो म्हणाले. तेव्हा माफीपत्राची जरा घाई कर.