गुडघ्याएवढं झाड

मायोर्का बेटावरून, रविवार

बाबा, तुम्हांला नि आईला नमस्कार. माझी काळजी नको, अंगठ्याची जखम भरलीय.

फाटकाचा खांब रोवायचा होता, त्या जागी रानऑलिव्हचं एक काटेरी झुडूप होतं, गुडघ्याएवढं. मालकीण फ्रांसीनाबाई म्हणाल्या, "बकऱ्यांनी कुरतडलेलं खुरटं ते, काढून टाक की!" मी करवत चालवली. मग बुंध्यावरची वर्तुळं सहज मोजली, आणि मग पुन्हा मोजली. त्र्याऐंशी! बाबा, ते तुमच्याहून बारा वर्षांनी मोठं होतं.

याहून वाईट पुढेच आहे. बकऱ्या वर वाढू देईनात, म्हणून ते आडवं पसरत गेलं होतं. इतकं, की शेवटी त्यांचं तोंड मधोमध पोचेना. तिथे यंदाच एक सरळ कोंब आला होता, रुंद पानांचा, बिनकाट्याचा. आता कुठे त्याचं झाड होणार होतं. बकऱ्यांना इतक्या वर्षांत जमलं नाही, ते मी घटकाभरात केलं.

"मुळातून फुटेल रे पुन्हा," बाई म्हणाल्या. फुटेल, पण बकऱ्या आहेतच ना! मी भोवती कुंपण घालतोय.

आईचा खोकला कसा आहे? आपल्या विहिरीमागच्या तसल्याच झुडपाला हात लावू नका. आणि आजवर आपण चुलीत तसली किती घातली, ते मोजू नका. मी मोजायला बसलो होतो.

तुमचा,
लोरेन्स