खेळी भिंगरीची आहे

मी, खाली सही करणारा, धंद्याने कातारी, लेथवर लाकूड फिरवून खांब, पाय आणि मुठी घडवण्यात जन्म घालवलेला, राहत्या घरी बसून हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासून तसा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. माझ्या बहिणीचं, म्हणजे आक्काचं, मत वेगळं पडेल. तिचं मत प्रत्येक बाबतीत वेगळंच पडतं, त्यामुळे ते धरू नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्यामागे माझी लेक आहे, ती सगळं निगुतीने बघेल, अशी माझी समजूत होती.

एक. राहतं घर, मागच्या कामाच्या खोलीसह, माझा मुलगा थोरला आणि सूनबाई यांना निम्मं-निम्मं. दोघांची नावं लागावीत. थोरला म्हणेल, "बाबा, नवरा-बायकोत निम्मं कसलं?" कसलं ते बायकोला विचार. लेक गेल्यावर मी अंथरुणाला खिळलो होतो तेव्हा इथे येऊन राहून मला उठवून कोण बसवत होतं आणि फोनवरून "काळजी घ्या" कोण म्हणत होतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक आहे.

दोन. लेथ, सगळ्या पटाश्या आणि उरलेलं लाकूड गल्लीच्या टोकाच्या सुताराला. या गृहस्थाने मला आयुष्यभर पाण्यात पाहिलं. माझ्या टेबलांचे पाय डुगडुगतात असं गिऱ्हाइकांना सांगत फिरला. पण माझी लेक गेली त्या दिवशी दुकान बंद करून आला, दारापाशी बसला आणि एक शब्द बोलला नाही. बाकीचे सगळे बोलले. रुंद पटाशी त्याने आधी धारेला लावावी.

तीन. बँकेत जे निघेल त्यातून माझा शेवटचा खर्च भागवून उरलेलं बुद्धिबळ मंडळाला, खुर्च्यांसाठी. हल्लीच्या खुर्च्यांचे पाय मी घडवलेले नाहीत, हे बसल्याबरोबर कळतं.

चार. पुढच्या खोलीत खिडकीशी मांडलेला बुद्धिबळाचा पट. त्यावरच्या एकाही सोंगटीला कोणीही, कधीही, कुठल्याही कारणाने हात लावू नये. धूळ फुंकरीने उडवावी. घराला रंग काढला तरी पट जागचा हलवू नये. याचं कारण लिहितो, म्हणजे म्हातारा चळला असं कोणी म्हणणार नाही.

या सोंगट्या मी भिंगरीसाठी कातल्या. भिंगरी म्हणजे माझी लेक. लहानपणी लेथ सुरू झाला की तीही स्वतःभोवती फिरायला लागायची, म्हणून हे नाव. काळ्या सोंगट्या शिसवाच्या आहेत, कारण तिला काळ्याच लागत. राजा आणि वजीर यांच्या पुढच्या प्याद्यांत मी तळातून शिसं भरलं. बुद्धिबळ म्हणजे मधली चार घरं धरायची आणि समोरच्याला दामटायचं, असं मला शिकवलेलं. तेव्हा ही प्यादी पाय रोवून उभी राहायला नकोत का?

आमची भिंगरी त्यांना ढुंकून बघेना! कोपऱ्याजवळचं, घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवायची, त्याच्यामागे उंट नेऊन बसवायची, वजिरापुढचं नावाला एक घर पुढे, आणि बसायची हातावर हनुवटी टेकून.

"अगं, मैदान मोकळं पडलंय, घुस की!"

"तुम्ही घ्या ना बाबा मधली घरं. मला कुठे घाई आहे?"

मी घ्यायचो. का नाही घेणार? मग तो कोपऱ्यातला उंट लांबूनच तिरक्या रेघेत माझ्या प्याद्यांवर नेम धरून राहायचा आणि केव्हातरी माझा सगळा डोलारा मधोमध कोसळायचा. पुस्तकात याला मॉडर्न डिफेन्स म्हणतात, असं ती सांगे. मी म्हणे, मॉडर्न म्हणजे कामचुकार. आज बघितलं, तर काळ्या राजापुढच्या प्याद्याचं पॉलिश नवंकोरं आहे आणि घोड्यापुढच्याचं डोकं तिच्या अंगठ्याने झिजून गेलं आहे.

तिचं वागणंही तसंच. पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. बढतीवर दुसऱ्या गावी बोलावलं, म्हणाली बघू. स्थळ आलं, बघू. मुलगा चांगला होता, तो थांबायलाही तयार होता. आक्काने डोकं खाल्लं तरी हसून बघूच.

पाच. आक्काला काही नाही. भिंगरीला नेल्यावर हिने भरल्या घरात सुस्कारा सोडला, "बिचारीचं शेवटपर्यंत काहीच ठरलं नाही हो." ते वाक्य अजून माझ्या कानातून जात नाही. फार वाईट वाटलं तर भिंतीवरचा आरसा न्यावा.

चौथ्या कलमाचं राहिलं. आमचा एक लांबणीचा डाव चालू होता. दिवसाला एकेक खेळी: सकाळी माझी, संध्याकाळी तिची, कामावरून आल्या आल्या, चपला पायातच. त्या सकाळी मी खेळलो. ती निघता निघता पटापाशी थांबली, हात पुढे केला, मागे घेतला. म्हणाली, "दोन-तीन गोष्टी आहेत डोक्यात. आल्यावर खेळते."

चौकात कोणीतरी ट्रक मागे घेत होतं. त्याला ती दिसली नाही.

तेव्हापासून खेळी तिची आहे. दोन-तीन गोष्टी म्हणजे कोणत्या, एवढंच मला हवं होतं. दुसरं काहीही मला आता कोणी देऊ शकत नव्हतं. तिची पुस्तकं काढली, भिंग धरून वाचली. प्रत्येक पानावर तेच: इथून असंही जाता येतं, तसंही जाता येतं. माझ्या डोक्याचा भुगा झाला. शेवटी औषधवाल्याला धरलं. कोपऱ्यावर त्याचं दुकान आहे. मंडळात तो तिच्याशी खेळायचा. माझ्या गोळ्या द्यायला आला होता, तो पटापाशी उभाच राहिला, शेजारच्या वहीत उतरवलेल्या आमच्या खेळ्या वाचत.

"काका, तिच्या बाजूने बघितलंत का कधी?"

तिच्या खुर्चीत मी बसलो नव्हतो. बसवत नव्हतं. त्याने मला दंडाला धरून बसवलं.

"काय दिसतं?"

"काय दिसायचंय? माझीच प्यादी. तीन शेजारी शेजारी."

"तेच! हे पाठ करून खेळायचं नसतंच, काका. आपलं सगळं मोकळं ठेवायचं आणि समोरचा काय करतो ते बघून ठरवायचं. ती पटाकडे कमी आणि तुमच्याकडे जास्त बघत असणार." मग त्याने सोंगटीला न शिवता बोट दाखवलं. "वजिराकडच्या उंटापुढचं हे प्यादं दोन घरं टाकलं की तुमचं मधलं मोडलंच. पण हे तर ती गेली त्याच्या आदल्या दिवशीही होतं."

"मग खेळली का नाही?"

तो गोळ्यांच्या पुडीला उगाच घड्या घालत राहिला. "आदल्या दिवशी तुम्ही खुशीत होतात का?"

होतो. तिसरं प्यादं पुढे रेटून दिवसभर शीळ घालत होतो. संध्याकाळी ती आली, पट बघितला, म्हणाली, "वा बाबा, काय ऐट आहे!" आणि हत्तीपुढचं प्यादं एक घर सरकवून चहा टाकायला गेली. मला वाटलं, हिला काही सुचत नाहीये.

तिला सगळं सुचलं होतं. माझी ऐट एक दिवस जास्त टिकावी म्हणून थांबली होती ती पोर. तिचं काही ठरत नाही म्हणणाऱ्यांनी हे नीट वाचावं. बढती कशाला लांबवली आणि त्या मुलाला कशाला ताटकळत ठेवलं, तेही मला तिच्या खुर्चीत बसल्यावर दिसलं. समोर मी होतो. एकटा. हे तिला सांगायला ती नाही, आणि माझा जीव तुटून जातो.

सहा. वरचं चौथं कलम मी रद्द करतो. लिहिताना पटत होतं, आता पटत नाही. तिने डाव थांबवला होता, बंद केला नव्हता; मी तो काचेत घालून ठेवला तर ती मला वेड्यात काढेल. माझ्यानंतर पट आणि सोंगट्या मंडळात न्याव्यात आणि त्यांच्याशी खेळावं. काळ्या ज्याच्या वाट्याला येतील त्याने घाई करू नये.

सात. साक्षीदार आले आहेत. त्यांच्यादेखत मी तिच्या खुर्चीत बसून उंटापुढचं काळं प्यादं उचललं आणि दोन घरं पुढे ठेवलं. यात शिसं नाही, फार हलकं आहे. औषधवाला म्हणाला, "हीच." सूनबाई उठून आत गेली. माझं मधलं मोडलं आहे, ते मला इथून स्वच्छ दिसतं.

आता खेळी माझी आहे आणि मला काही सुचत नाही. भिंगरी, थोडं थांब.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. खाडाखोड केलेली नाही; रद्द केलेलं कलम मुद्दाम दिसू दिलं आहे.

लिहून देणार: कातारी, भिंगरीचा बाप (सही)

आमच्यासमोर त्यांनी सही केली आणि त्याआधी वर लिहिलेली खेळी केली:
१. कोपऱ्यावरचा औषधवाला (सही)
२. डॉक्टरीणबाई (सही)

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली, काळ्यांच्या बाजूची खुर्ची
दिनांक: नऊ मार्च, मंगळवार, संध्याकाळी, तिच्या घरी यायच्या वेळेला