विहिरीवरची रानहळद

५ ऑगस्ट, कुरुंदा
क्लेरबाई आल्या, फ्रान्सहून. सगळी हयात उष्ण देशांतल्या झाडांमागं, त्यातही हळद-आल्याच्या कुळामागं गेली. आता रिटायर, गुडघे गेलेत, तरी चिखलात माझ्यापुढं. मला 'मांदा' म्हणतात. मंदा म्हणा हो बाई! कॉलेजात बॉटनी शिकवते, म्हणून दुभाषी मीच.

६ ऑगस्ट
व्हायचं तेच झालं. नेमक्या आमच्याच पडक्या विहिरीपाशी थांबल्या. रानहळद, पण फुलाचा रंग वेगळा. "अशी कुठंच पाहिली नाही. हे माझं शेवटचं काम." नवी जात म्हणून मांडायची तर कंदासकट उपटावी लागेल. अन् तिथं गड्डा एकच.
याच विहिरीत ताई गेली. लग्नाच्या आदल्या दिवशी, हळदीच्या अंगानं. पाय घसरला का... कुणी पाहिलं न्हाई. पुढं ही हळद आपोआप उगवली. आई म्हणते, लेकीच्या अंगावरची. मी तिकडं फिरकत न्हाई. भीती वाटते, बॉटनी शिकूनबी.

७ ऑगस्ट
मेली माझीच जीभ! आईला म्हटलं, "बाई तिला नाव ठेवणारेत." आई ताडकन उठली. "अजून नावं ठेवायची राह्यली का? गावानं काय कमी ठेवली? मेल्यावरबी काहून पोरीच्या मागं लागून राहिलेत?" नाव देणार, असं म्हणायचं होतं गं. ऐकेना. जेवली न्हाई.
बाईंना सगळं सांगितलं. म्हणाल्या, आई नको म्हणत असेल तर हात लावणार नाही. वाईट वाटलं त्यांचं. लई वाटलं.

९ ऑगस्ट
सकाळी आई आपणहून विहिरीवर, खुरपं घेऊन. स्वतःच खणलं. झाडाशी बोलत होती, "जा माय, लांब जा. तिथं तुला कुणी वळखत न्हाई."
बाई म्हणाल्या, झाडाला गेलेल्या मुलीचंच नाव देईन, काय नाव? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मंदा."
बाई माझ्याकडं बघून हसल्या. दुभाषीचा मान वाटला असेल.
घरी भांडले. माहं नाव काहून? "तिचं लोकांनी लई चघळलं. आता नगं." मग हळूच, "तू जित्ती हाईस. तुला काय व्हतंय."

२ सप्टेंबर
पुण्याहून बाईंचा मेसेज. नाव पक्कं करण्याआधी विचारते, 'मंदा' बराबर ना?
ताईचं नाव टाइप केलं. खोडलं. परत केलं. इतक्या वर्षांत घरात कुणी उच्चारलं न्हाई ते. आतून आई विचारून राहिली, "कुणाचा हाय गं फोन?"