काचेवरचे चपटे किडे

मंगळवार, ४ मार्च

समुद्री टाकीच्या काचेवर तपकिरी ठिपके. भिंगातून पाहिले — चपटे किडे. एका चौरस इंचात अकरा. बाबांना सांगितलं नाही.

कुठून आले ते उघड आहे. वहिनीने फेब्रुवारीत प्रवाळ आणलं आणि बाबांनी ते तसंच आत सोडलं! औषधात बुडवणं नाही, काही नाही. मी आणलं की भिंग घेऊन उलटसुलट तपासतात. डिसेंबरात दादाशी लग्न करून आली काय — सात वर्षं क्षारता मी मोजतेय, आता हाक कुणाला? "सूनबाई, आकडा सांग!"

बुधवार, ५ मार्च

त्याच चौरस इंचात चौतीस.

शनिवार, ८ मार्च

बाबांना दिसले. बघता बघता निम्मी टाकी तांबूस झाली होती. जेवताना मी शांतपणे म्हटलं, "हल्ली नवीन काही आलं होतं का आत?" सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. "माझ्याच प्रवाळावरून आले असणार," ती म्हणाली.

मला बरं वाटलं. बाबा मात्र हसले — "होतं असं! शिकशील."

तेवढंच?

रविवार, ९ मार्च

बाबा थेट औषध ओतायला निघाले होते. थांबवलं. किडे मरताना विष सोडतात. एवढे एकदम मेले तर मासेही जातील. आधी नळीने ओढून काढायचे, मग औषध, मग विष शोषायला कोळशाची पिशवी आणि पाणीबदल. बाबांनी ऐकलं. पण नळी दिली तिच्या हातात! "हिचा हात बघ कसा स्थिर आहे."

स्थिर आहे. तीन तासांत एकदाही प्रवाळाला धक्का नाही. "यापेक्षा ढेकूण परवडले गं बाई!" म्हणाली. बाबा खो खो हसले. मी बादलीतले किडे मोजत बसले.

सोमवार, १० मार्च

औषध दिलं. मासे सगळे जिवंत.

गुरुवार, १३ मार्च

नोंदीसाठी वहिनीकडून टाकीचे जुने फोटो मागून घेतले. २० जानेवारीचा मोठा करून पाहिला. तेच ठिपके, बाबांच्या भिंगातून सुटलेले — मी आणलेल्या प्रवाळावर.

स्वयंपाकघरात गाठलं तिला. "तुला माहीत होतं?"

"केव्हाचं."

"मग स्वतःवर का घेतलंस?"

ती ताट पुसत राहिली. "माझी चूक बाबा हसण्यावारी नेतात गं. तुझी नेली नसती."