येसरच्या रश्श्यासोबत काय द्यावं

पुणे
२३ एप्रिल २०२५

आदरणीय बाबा यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

नऊ दिवस तुम्ही फोन उचलला नाहीत, म्हणून हे पत्र. अडतीस वर्षं टपाल वाटलेला माणूस स्वतःच्या नावाचं पाकीट न फोडता ठेवणार नाही, एवढ्याच भरवशावर लिहिते आहे.

भीमजयंतीला घरी आले तेव्हा मीच तुम्हाला सांगितलं, की हॉटेलात मी आता नुसती टेबलं सांभाळत नाही. कुठल्या जेवणाला कुठली वाइन शोभेल ते पाहुण्यांना सांगायचं काम शिकते आहे. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं असं वाटलं. तुम्ही अर्ध्या ताटावरून उठलात. ते ताट अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

बाबा, मी पीत नाही. चव घ्यावी लागते, पण घोट तोंडात फिरवायचा आणि भांड्यात थुंकायचा, अशीच इथली रीत आहे. आजवर एक थेंब गिळलेला नाही.

१९ मेला परीक्षा आहे. प्रत्येकानं आपल्या भागाचं जेवण रांधायचं आणि त्याला साजेशी वाइन वाढायची. मी आजीनं दळलेल्या येसर मसाल्याचा मटणाचा रस्सा घेतला आहे. मटणाला लाल आणि मासळीला, कोंबडीला पांढरी, असा पुस्तकातला नियम. परवा सरावाला मी तोच पाळला. आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी रश्श्याचा घास घेतला, वर लाल वाइनचा घोट घेतला आणि डोळे पुसत सगळा पाण्याचा जग संपवला. लालमध्ये द्राक्षाच्या सालीचा तुरटपणा असतो. आपल्या तिखटाला तो शमवत नाही, उलट पेटवतो. आता काय द्यावं ते सुचत नाही. कामात लक्ष नाही, काल दोनदा एकाची ताटं दुसऱ्याच्या टेबलावर नेली.

तुम्ही नको म्हणालात तर परीक्षेला बसणार नाही. पण नको तरी म्हणा. तुमचं गप्प राहणं मला सोसत नाही.

आजीला जयभीम सांगा. माया कमी करू नका.

तुमची
यशोधरा


नांदूरघाट
२९ एप्रिल २०२५

चि. यशोधरा हिस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

पत्र पोचलं. पाकिटावर पिनकोडचे शेवटचे दोन आकडे उलटे टाकलेस. टपालवाल्याच्या लेकीला हे शोभत नाही.

तुझ्या आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, दीक्षा घेतली तेव्हा चार शीलं त्यांना सोपी गेली. पाचव्या शीलानं, दारू न पिण्याच्या, त्यांचा घाम काढला. तरी मरेपर्यंत मोडलं नाही. आता विहारात दर पौर्णिमेला पंचशील मी देतो. वस्तीतली लहानथोर माझ्यामागं म्हणतात. त्यांच्यातल्याच बिभीषणनं मला पारावर विचारलं, की पोरगी पुण्यात नेमकं काय करते. मी म्हणालो, हॉटेलात हिशेब बघते. खोटं न बोलण्याचं ते चौथं शील, यशोधरा. तुझं पाचवं मोडलं का ते मला ठरवता येईना, माझं चौथं मात्र भर पारावर मोडलं. तेव्हापासून अंथरुणाला पाठ लागत नाही. सायकल काढतो, फाट्यापर्यंत जातो, काही काम नसतं, परत येतो.

तुझी आजी आपली खुशाल आहे. थुंकण्याचं वाचून दाखवलं तर म्हणाली, की ती लई वरसं मिसरी लावून थुंकते, पोटात कदी गेली न्हाई, मग पोरीवर कावून चिडायचं. आता तुझ्या या भामाआजीला काय उत्तर देणार?

वाइनचं मला विचारू नकोस. तिखटाचं तेवढं सांगतो. येसरचा रस्सा जाळ झाला की आजी पाणी देत नाही. आधी गुळाचा खडा देते, मग माठाशेजारी ठेवलेलं गार ताक. तिखटाला गोड लागतं आणि गार लागतं. तुझ्या सरांना एवढं कळत नाही?

परीक्षेला बस किंवा बसू नको, दोन्ही लिहून खोडलं. खाडाखोड दिसतेच आहे.

प्रकृतीला जप. आमची आठवण राहू दे.

तुझा बाबा
विलास


पुणे
४ मे २०२५

आदरणीय बाबा यांस,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र वाचलं आणि तशीच स्वयंपाकघरात गेले. थंड केलेली, किंचित गोडसर पांढरी वाइन रश्श्यासोबत ठेवली. सरांनी घास घेतला, घोट घेतला आणि दुसरी भाकरी मागितली. लाल वाइनला मी सुक्या मटणाकडं पाठवलं. ते कमी तिखट आणि तुपात परतलेलं, तिथं तिचा तुरटपणा शहाण्यासारखा वागतो. हे कोणी शिकवलं, असं सरांनी विचारलं. मी म्हणाले, वडलांनी. तुम्ही मोठे जाणकार असाल असं त्यांना वाटलं. मी लगेच खरं सांगून टाकलं. आपल्या घरात एकाचंच चौथं शील मोडलेलं पुरे.

एक गोष्ट मागच्या वेळी लिहिली नव्हती. परीक्षेच्या टेबलावर घरचं एक माणूस पाहुणा म्हणून बसवायचं असतं, पिणारं असो की न पिणारं. माझी खुर्ची अजून रिकामी आहे. तुम्हाला विचारायचा धीर होत नव्हता. इथं एक रीत आहे, बाबा. पाहुणा पीत नाही म्हणाला की त्याच्यापुढचा ग्लास आम्ही उचलून नेतो. चौघांत त्याच्यापुढंच तेवढी मोकळी जागा राहते आणि तो उगाच चमचे सारखे करत बसतो. ते काम माझ्याकडं आलं की मला तुमची आठवण होते.

सर १७ तारखेला परीक्षेला बसणाऱ्यांची आणि पाहुण्यांची नावं पक्की करणार आहेत. तुमच्या होकाराशिवाय मी नाव देणार नाही. दारावर कोणी आलं की टपाल आलं असं वाटतं.

राग संपला नसेल तरी उत्तर धाडा.

तुमची
यशोधरा


नांदूरघाट
१३ मे २०२५

चि. यशोधरा हिस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

हे स्पीडपोस्टनं टाकतो आहे. आयुष्यभर दुसऱ्यांची वाटली, स्वतःचं पहिलंच.

काल बुद्धपौर्णिमा होती. तीन शीलं दिली आणि चौथ्याशी थांबलो. विहार भरलेला, सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मग सांगूनच टाकलं, की पोरगी वाइन वाढण्याचं काम शिकते, स्वतः पीत नाही, आणि मी बिभीषणला खोटं सांगितलं. बिभीषण उठून गेला. त्याच्यामागं आणखी दोघं गेले. बाकीचे बसून राहिले. मग चौथं दिलं, पाचवंही दिलं, आणि आवाज चांगला मोठा लागला.

घरी येताना आजीनं एक सांगितलं, ते मला माहीत होतं, पण मी आठवायचं टाळत होतो. गावातल्या चहाच्या हॉटेलाच्या वळचणीला आपल्या लोकांसाठी एक वेगळा ग्लास खिळ्याला टांगलेला असायचा. आबा बाहेर उभ्यानं चहा प्यायचे, तो ग्लास आपल्या हातानं विसळायचे आणि परत टांगायचे. आत जाऊन टेबलाशी बसणं त्यांच्या नशिबी नव्हतं. त्यांची नात आज ठरवते, कुणापुढं कुठला ग्लास ठेवायचा. हे मला आधी दिसायला हवं होतं, बाळा. मी नुसती बाटली पाहत बसलो.

नाव दे. १८ तारखेला केजहून सकाळच्या गाडीनं निघतो. आजीनं ताजं येसर दळून डब्यात भरलं आहे. धने जरा जास्त भाजले गेले असं ती सकाळपासून चारदा म्हणाली. तुझं नाक तिच्याकडूनच आलं आहे, तेव्हा वास घेऊन तूच काय ते ठरव.

तुझ्या टेबलावर मी बसेन. वाइन घेणार नाही, हे तुझ्या सरांना आधीच सांगून ठेव. ताक घाल, नाहीतर साधं पाणी घाल. पण ग्लास इतरांना असेल तसाच हवा, आणि माझ्यापुढचा उचलू नकोस.

भेट होईपर्यंत माया असू दे.

तुझा बाबा
विलास