मालकानं घर सोडू नये

कारंजा लाड
ता. ६ जानेवारी १९७५

घरमालक जगदेवराव यांस,
सोजरचा सप्रेम जयभीम. मी इकडे खुशाल हाये. भुसावळले थंडी लय असंन, ड्युटीवर जाताना स्वेटर घालत जा.

तुमचं पत्र भेटलं. भाड्यानं द्यासाठी आनखी एक घर घ्याचं म्हणता. घ्या, पन माह्यं आयका. घर पाहाले पावसाळ्यात जा, गळते का नाई थे तवाच समजते. इहिरीचं पानी सोता पिऊन पाहा. अन् भाडेकरूले जात इचारू नका. आपुन जागा पाहत फिरलो, तवा आपलं नाव आयकलं की लोकाईची खाली खोली भरून जाये. थे मी भुलली नाई.

आपल्या घरातल्या समोरच्या खोलीतले इंद्रभान मास्तर अन् त्याईची बायको भागिरथा, दोघंबी चांगले हायेत. भाडं टायमावर देतात. माही तक्रार एकच हाये. मंधातली भित लय पातळ हाये.

मास्तर रोज सांजीले घरी येतात. परवा म्हने, "आज भाजीत मीठ जास्त झालं." भागिरथा म्हने, "मंग उद्या तुमीच करा." अन् दोघंबी हासत सुटले. मी इकडे भाकर हातात घेऊन बसून राह्यली. माही भाजी खारट होते का अळणी, थे तुमाले मालूम तरी हाये का? आपुन सोबत जेवलोच किती?

तुमचा नियम मले पाठ हाये. मालक घरात नसला की भाडेकरूच मालक होते. तुमाले क्वार्टर भेटून दोन उन्हाळे गेले, तरी त्याच नियमापायी मी इथं राखन करून राह्यली. राखनीले लोकं कुत्रं पाळतात जी, बायको नाई.

भागिरथाले दिवस गेले हायेत. बाळंतपनाले तिची सासू येनार, एका खोलीत भागत नाई. तिनं भीत भीत इचारलं, "सोजरबाई, मांगची खोली भेटन का?"

मी म्हटलं, "भेटन."

"मंग तुमी कोठी राहान?"

"माह्या नवऱ्याले रेल्वेनं घर देल्लं हाये," मी म्हटलं. म्हनताना लाज वाटली, अन् बरंबी वाटलं.

तवा घर समदंच भाड्यानं देल्लं. तुमाले इचारलं नाई, काहून का तुमी नाई म्हटलं असतं. भांडे बांधून झाले. रविवारी सकायच्या यष्टीनं मूर्तिजापूर, तथून रेल्वेनं भुसावळ. टेशनवर येजा. राग आला असंन तरी येजा, राग घरी जाऊन काढा. मले तुमची लय याद येते. हे एवढं लिवाले मले दोन वर्सं लागले.

एक आताच सांगून ठेवते. मी भाडं देनार नाई, अन् खोली खाली करनार नाई.

तुमचीच,
सोजर